होम लोनमधून सहकर्जदाराचं नाव कसं काढायचं? फ्लॅटवरचा हक्क सोडण्याआधी हे वाचा

दोघांच्या पगारावर घर घेतलं जातं. काही वर्षांनी परिस्थिती बदलते. नवरा-बायको वेगळे होतात. धाकट्या भावाचं लग्न ठरतं आणि त्याला स्वतःचं घर घ्यायचं असतं. किंवा रिटायर झालेल्या वडिलांना कर्जातून मोकळं करायचं असतं.

अशा वेळी बरेच जण एक काम लगेच उरकतात. फ्लॅट एकाच्या नावावर करून घेतात आणि विषय संपला असं समजतात.

बँकेच्या लेखी मात्र विषय संपलेला नसतो. फ्लॅटच्या कागदांवरून नाव गेलं तरी कर्जावरचं नाव तसंच राहतं. म्हणजे घर दुसऱ्याचं आणि कर्ज आपलंही, अशी अवस्था होऊ शकते. हे टाळायचं कसं, कर्जातून नाव काढायचे मार्ग कोणते आणि कोणतं काम आधी करायचं, ते समजून घेऊया.

सहकर्जदार, सहमालक आणि जामीनदार: तिघं वेगळे कसे?

सहमालक म्हणजे ज्याचं नाव घराच्या खरेदीखतावर किंवा अॅग्रीमेंटवर आहे. घरात त्याचा हिस्सा असतो.

सहकर्जदार म्हणजे ज्याने कर्जाच्या करारावर कर्जदार म्हणून सही केली आहे. त्याचा घरात हिस्सा असेलच असं नाही. बँका सहसा सर्व सहमालकांना सहकर्जदार व्हायला सांगतात. पण प्रत्येक सहकर्जदार हा सहमालक असतोच असं नाही. मुलाच्या कर्जाची पात्रता वाढावी म्हणून सही करणारे वडील हे याचं नेहमीचं उदाहरण.

जामीनदार हा कर्ज घेणारा नसतो. कर्जदाराने पैसे भरले नाहीत तर मी भरेन, अशी हमी तो देतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. दोन जण सहकर्जदार असतील तर दोघांवर अर्धं-अर्धं कर्ज असतं, असा अनेकांचा समज आहे. तसं नसतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर बँक दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. ज्याने स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त भरलं, तो दुसऱ्याकडून वसूल करू शकतो. पण तो त्या दोघांमधला हिशेब झाला. बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही.

बँक सहजासहजी नाव का काढत नाही?

बँकेच्या बाजूने विचार केला तर उत्तर सोपं आहे. कर्ज देताना बँकेने दोन पगार पाहिले होते. एकाची नोकरी गेली तर दुसरा आहे, हा हिशेब धरला होता. एकाचं नाव काढणं म्हणजे बँकेने हातातली एक हमी सोडून देणं. कायद्याने बँकेवर तशी सक्ती नाही. त्यामुळे हा तुमचा हक्क नाही, ती बँकेला केलेली विनंती आहे.

बँकेचा मुख्य प्रश्न एकच असतो. उरलेलं कर्ज राहिलेला माणूस एकट्याच्या कमाईवर फेडू शकेल का?

एक उदाहरण घेऊ. समजा ५० लाखांचं कर्ज आहे. व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. ईएमआय होतो साधारण ४३,४०० रुपये. एकाचा हातात येणारा पगार ६० हजार आणि दुसऱ्याचा ५५ हजार. दोघांच्या मिळून १ लाख १५ हजारांपैकी सुमारे ३८ टक्के रक्कम हप्त्यात जाते. बँकेच्या दृष्टीने हे ठीक आहे.

पाच वर्षांनी दुसऱ्याचं नाव काढायचं ठरलं. तोपर्यंत ६० हप्त्यांत सुमारे २६ लाख रुपये भरून झालेत. पण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजात जातो. त्यामुळे मुद्दल जेमतेम ६ लाखांनी कमी झालेलं असतं. बाकी राहतात सुमारे ४४ लाख.

आता एकट्याच्या ६० हजारांतून ४३,४०० चा हप्ता म्हणजे ७२ टक्के. इथे बँक नाही म्हणते. पगाराच्या अर्ध्यापर्यंत हप्ता चालेल असं धरलं, तर महिन्याला ३० हजारांत उरलेल्या १५ वर्षांसाठी साधारण साडेतीस लाखांचंच कर्ज बसतं. म्हणजे साडेतेरा लाख रोख भरावे लागतील. मुदत पुन्हा २० वर्षं करून घेतली तर साधारण साडेचौतीस लाख बसतात आणि साडेनऊ लाख भरावे लागतात.

पगार या पाच वर्षांत वाढला असेल तर गणित सोपं होतं. म्हणून अर्ज करण्याआधी घरी बसून ही आकडेमोड करा. बँक अर्जावर काय उत्तर देईल याचा अंदाज इथेच येतो.

नाव काढण्याचे चार मार्ग

१. त्याच बँकेत नाव कमी करणं

बँकेला लेखी अर्ज करायचा. बँक राहिलेल्या कर्जदाराचं उत्पन्न, क्रेडिट स्कोअर आणि आतापर्यंतचे हप्ते तपासते. पटलं तर जुना करार बदलून नवा करार किंवा पुरवणी करार होतो. काही बँका जुनं कर्ज बंद करून त्याच घरावर एकाच्या नावाने नवं कर्ज उघडतात.

२. एकाच्या जागी दुसरा सहकर्जदार आणणं

एकट्याचं उत्पन्न कमी पडत असेल तर बँक बहुतेक वेळा हाच पर्याय सुचवते. आई, वडील किंवा नवा जोडीदार यांच्यापैकी कमावतं कोणी सही करायला तयार असेल तर जुनं नाव काढणं सोपं जातं. पण येणाऱ्या माणसाला स्पष्ट सांगा की ही नुसती नावापुरती सही नाही. उद्या हप्ते थकले तर बँक त्याच्याकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते.

३. कर्ज दुसऱ्या बँकेत एकाच्या नावाने नेणं

नवी बँक एकाच्या नावाने कर्ज मंजूर करते आणि त्या पैशांतून जुनं कर्ज फेडलं जातं. जुनं कर्जच संपल्यामुळे सहकर्जदार आपोआप मोकळा होतो. हा मार्ग स्वच्छ आहे. पण प्रोसेसिंग फी, मूल्यांकन, कायदेशीर तपासणी आणि नव्या तारणाचं मुद्रांक शुल्क असा खर्च पुन्हा येतो.

एक दिलासा आहे. फ्लोटिंग व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड घेऊ शकत नाही. कर्ज फिक्स्ड दराचं असेल तर मात्र करारातली अट वाचा.

४. घर विकून कर्ज फेडणं

दोघांपैकी एकालाही हप्ता झेपत नसेल तर हाच मार्ग उरतो. विक्रीच्या पैशांतून आधी बँकेचं देणं फिटतं आणि उरलेली रक्कम दोघांत वाटली जाते. ताबा मिळाल्याच्या आर्थिक वर्षानंतर पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर मुद्दलावर आधी घेतलेली कर वजावट परत उत्पन्नात धरली जाते, हे लक्षात ठेवा.

अर्जासोबत काय लागतं?

बँकेनुसार यादी थोडी बदलते. साधारण ही तयारी ठेवा:

- दोन्ही कर्जदारांच्या सहीचा अर्ज. त्यात नाव काढण्याचं कारण
- राहणाऱ्या कर्जदाराच्या पगाराच्या स्लिप, बँक स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्स रिटर्न. व्यवसाय असेल तर ताळेबंद
- दोघांचे पॅन आणि आधार
- कर्जाचं ताजं स्टेटमेंट
- घटस्फोट असेल तर कोर्टाचा हुकूमनामा आणि संमतीच्या अटी
- मृत्यू झाला असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांची कागदपत्रं
- जाणारा माणूस सहमालकही असेल तर हिस्सा कसा देणार त्या दस्ताचा मसुदा

अर्ज शाखेत दिला तर पोच घ्या. ईमेलवर पाठवा. फोनवरचं "होऊन जाईल" पुढे कामी येत नाही.

घराच्या कागदांवरचं नाव कसं बदलतं?

कर्जातलं नाव आणि घरावरचं नाव या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. कर्जाचं काम बँकेत होतं. घराचं काम दुय्यम निबंधक कार्यालयात होतं. महाराष्ट्रात त्यासाठी मुख्यतः तीन दस्त वापरले जातात.

बक्षीसपत्र: पैसे न घेता हिस्सा देणं. निवासी घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळा. भाऊ, बहीण किंवा आई-वडिलांना दिलं तर ही २०० रुपयांची सवलत नाही. तिथे शुल्काचा दर ३ टक्के आहे. दस्तात पैशांचा मोबदला लिहिला तर ते बक्षीसपत्र राहत नाही, म्हणून मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

हक्कसोडपत्र: इथे अनेक जण फसतात. नाममात्र शुल्कात होणारं हक्कसोडपत्र हे वडिलोपार्जित मालमत्तेसाठी आहे. दोघांनी मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटमधला हिस्सा सोडला तर त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर विक्रीसारखंच शुल्क लागतं.

खरेदीखत: एक जण दुसऱ्याचा हिस्सा पैसे देऊन घेतो. शहरानुसार मुद्रांक शुल्क साधारण ५ ते ७ टक्के जातं. ८० लाखांच्या फ्लॅटमधला अर्धा हिस्सा म्हणजे ४० लाख. ६ टक्क्यांनी शुल्क झालं २ लाख ४० हजार. हा आकडा आधीच खर्चात धरा.

दस्त झाल्यावर सोसायटीत शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची नोंद आणि विजेचं मीटर हेही बदलून घ्यावं लागतं. घर बँकेकडे तारण असल्यामुळे हिस्सा देण्याआधी बँकेची एनओसी लागते. बहुतेक कर्ज करारांत ही अट असतेच.

आधी काय, नंतर काय?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. हक्क सोडण्याच्या दस्तावर आधी सही होते आणि बँकेचं काम "नंतर बघू" म्हणून राहून जातं.

तुम्ही कर्जातून बाहेर पडणारे असाल तर हा क्रम पाळा:

१. राहणारा माणूस एकट्याने पात्र ठरतो का, हे बँकेकडून तपासून घ्या.
२. बँकेची लेखी मंजुरी मिळवा.
३. तुमचं नाव कर्जातून कमी करणारा करार आणि हिस्सा देणारा दस्त शक्यतो एकाच दिवशी किंवा लागोपाठ करा.
४. तुम्ही कर्जाच्या जबाबदारीतून मुक्त झालात, असं बँकेचं पत्र घ्या.

राहणाऱ्या माणसालाही हा क्रम फायद्याचा आहे. सहकर्जदाराला मोकळं केलं पण त्याचा हिस्सा तसाच राहिला, तर हप्ते एकट्याने भरायचे आणि घर विकताना मात्र दुसऱ्याची सही लागणार, अशी अडचण होते. म्हणून दोन्ही कामं एकमेकांना बांधून करा.

क्रम चुकला तर काय होतं?

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्ज बुडीत खात्यात, म्हणजे एनपीएमध्ये जातं. त्यानंतर बँक सरफेसी कायदा, २००२ नुसार ६० दिवसांची नोटीस काढू शकते. ही नोटीस सहकर्जदारालाही येते, तो त्या घरात राहत असो वा नसो.

हप्ते थकले नाहीत तरी त्रास आहेच. ते कर्ज तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसत राहतं. तुम्ही स्वतःसाठी होम लोन मागायला गेलात की नवी बँक त्या जुन्या ईएमआयचा भारही तुमच्यावर धरू शकते. तुम्ही एक रुपयाही भरत नसलात तरी. एक हप्ता उशिरा गेला की स्कोअर दोघांचा घसरतो.

घटस्फोट झाला असेल तर?

"फ्लॅट तिला, हप्ते त्याचे" किंवा याच्या उलट, असं कोर्टात ठरतं. हुकूमनामाही होतो. तो नवरा-बायकोला बांधतो. पण बँक त्या खटल्यात पक्षकार नसते, त्यामुळे बँकेचा कर्ज करार जसाच्या तसा चालू राहतो. हुकूमनाम्याची प्रत बँकेत दिली म्हणजे नाव निघालं, असं होत नाही.

म्हणून परस्पर संमतीने घटस्फोट घेताना अटींमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या. पहिली, कर्जातून नाव काढण्याची ठराविक मुदत. दुसरी, त्या मुदतीत नाव निघालं नाही तर घर विकून कर्ज फेडायचं. तिसरी, दरम्यान हप्ते थकून नुकसान झालं तर ते कोणी भरून द्यायचं.

आणखी एक बारकावा. बक्षीसपत्रावरची २०० रुपयांची सवलत नवरा-बायकोच्या नात्याला आहे. घटस्फोटानंतर ते नातं उरत नाही, त्यामुळे सवलत मिळेलच असं गृहीत धरू नका. हिस्सा कधी द्यायचा, हे वकिलाशी बोलून ठरवा.

आणि घरातून बाहेर काढण्याचा प्रयत्न होत असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ महिलेला एकत्र राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. घर तिच्या नावावर नसलं तरी. दबावाखाली कोणत्याही दस्तावर सही करू नका.

सहकर्जदाराचा मृत्यू झाला तर?

हयात असलेल्या कर्जदारावर पूर्ण कर्जाची जबाबदारी राहते. मृत व्यक्तीच्या वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. त्यांच्या स्वतःच्या कमाईतून वसुली होत नाही.

सगळ्यात आधी कर्जासोबत विमा काढला होता का, ते पाहा. अनेकदा हप्त्यातच त्याचा प्रीमियम जात असतो आणि घरच्यांना माहीत नसतं. विमा दोघांपैकी कोणाच्या आयुष्यावर होता, हेही तपासा. दावा मंजूर झाला तर कर्ज पूर्ण किंवा बरंचसं फिटू शकतं.

घरातला मृत व्यक्तीचा हिस्सा वारसांकडे जातो. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असलं तरी तो आपोआप मालक होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

टॅक्सचं काय?

जुन्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत आणि मुद्दलावर इतर बचतीसह दीड लाखापर्यंत वजावट मिळते. सहमालक आणि सहकर्जदार असे दोन्ही असलेले दोघं जण, प्रत्यक्ष हप्ते भरत असतील तर, आपापली वेगळी वजावट घेऊ शकतात. एकाचं नाव निघालं की त्याची वजावट थांबते आणि दुसऱ्याची मर्यादा दुप्पट होत नाही. फक्त सहकर्जदार असून सहमालक नसलेल्याला ही वजावट मिळत नाही.

नाव निघाल्यावर काय तपासायचं?

बँकेचं पत्र मिळालं म्हणजे काम पूर्ण झालं नाही. क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ठिकाणी पाहा. नाव अजून दिसत असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत ती सुटली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

हप्त्यांसाठी तुमच्या खात्यातून दिलेली ऑटो डेबिटची सूचना आणि बँकेकडे दिलेले चेकही परत घ्या.

कर्ज पूर्ण फेडून दुसऱ्या बँकेत नेलं असेल तर जुन्या बँकेने मूळ कागदपत्रं ३० दिवसांत सोडायला हवीत. तिच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे.

बँक नाहीच म्हणाली तर?

नकाराचं कारण लेखी मागा. उत्पन्न कमी पडत असेल तर काही रक्कम भरून, मुदत वाढवून किंवा नवा सहकर्जदार आणून पुन्हा अर्ज करा. दुसऱ्या बँकेत विचारून पाहा.

बँक उत्तरच देत नसेल किंवा नाव काढूनही क्रेडिट रिपोर्ट दुरुस्त करत नसेल, तर आधी बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. पण कर्ज कोणाला द्यायचं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो. त्यात लोकपाल बँकेला नाव काढायला लावू शकत नाही.

तोपर्यंत तुम्ही सहकर्जदार आहात, हे धरून चाला. कर्ज खात्याचं स्टेटमेंट दर महिन्याला पाहा. मेसेज तुमच्या नंबरवर येतात ना, ते तपासा. आणि बँकेकडून मुक्त झाल्याचं पत्र हातात येत नाही, तोवर घरातला हिस्सा सोडण्याच्या कागदावर सही करू नका.